व्हॉइस गेटवेला पत्ता देताना

कार्यालयातील दूरध्वनी वाजतो, उचललाही जातो. परंतु पलीकडच्या व्यक्तीचा आवाज ऐकू येत नाही. तारा, रिसीव्हर, ईपीएबीएक्स असे सारे तपासून होते आणि दोष अखेर आकड्यांच्या एका ओळीत सापडतो. ही ओळ म्हणजे व्हॉइस गेटवेला दिलेला नेटवर्कवरील पत्ता, अर्थात आयपी ॲड्रेस. तो कसा द्यावा, यावर कार्यालयाचा संवाद अवलंबून असतो.

गेटवे म्हणजे काय?

दूरध्वनीच्या तारा आणि संगणकांचे नेटवर्क यांच्यातील दुभाषा म्हणजे व्हॉइस गेटवे. त्याच्या 'एफएक्सएस' पोर्टला साधा दूरध्वनी किंवा फॅक्स यंत्र जोडतात, तर 'एफएक्सओ' पोर्टला टेलिफोन कंपनीकडून आलेली लाइन. मोठ्या कार्यालयांत एकाच वेळी ३० संभाषणे वाहून नेणारी पीआरआय लाइनही त्याला जोडली जाते. दुसऱ्या बाजूस असते इथरनेटची केबल. गेटवे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करतो आणि साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेट रवाना करतो. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो.

पत्ता स्थिर हवा

संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी डीएचसीपी ही पद्धत १९९३ मध्ये आली. तीत पत्ता ठराविक मुदतीपुरता मिळतो आणि पुढे बदलूही शकतो. लॅपटॉपला त्याने फरक पडत नाही, कारण तो स्वतः इतरांकडे जातो. गेटवेचे तसे नाही. त्याला इतर यंत्रे शोधत येतात. आयपी पीबीएक्समध्ये त्याचा पत्ता नोंदविलेला असतो. वीज जाऊन आल्यावर गेटवेने नवा पत्ता घेतला, तर बाहेर जाणारे कॉल तेथेच अडतात.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे गेटवेच्या सेटिंगमध्ये पत्ता कायमचा भरणे. दुसरा, गेटवेच्या मॅक ॲड्रेसच्या आधारे डीएचसीपी सर्व्हरवर त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवणे. पहिला मार्ग निवडल्यास तो पत्ता डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा असावा. उदाहरणार्थ, संगणकांना १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० हे पत्ते वाटले जात असतील, तर गेटवेला १९२.१६८.१.१० द्यावा. अन्यथा एकच पत्ता दोन यंत्रांकडे जातो आणि दूरध्वनी कधी लागतो, कधी लागत नाही.

पत्त्यासोबत सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर या नोंदीही भराव्या लागतात. यातील 'डिफॉल्ट गेटवे' म्हणजे व्हॉइस गेटवे नव्हे. तेथे राउटरचा पत्ता अपेक्षित असतो. ही नोंद चुकली, तर एकाच नेटवर्कवरील फोन व्यवस्थित चालतात, दुसऱ्या शाखेशी मात्र संपर्क होत नाही.

एकतर्फी आवाजाचे कारण

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे खासगी पत्ते १९९६ च्या मानकानुसार राखून ठेवले आहेत. ते इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून बाहेर पडताना राउटर 'नॅट' पद्धतीने पॅकेटवरील पत्ता बदलून सार्वजनिक पत्ता घालतो.

घोटाळा होतो तो येथेच. कॉल जुळविणाऱ्या एसआयपी पद्धतीत 'आवाज या पत्त्यावर पाठवा' ही सूचना संदेशाच्या आत लिहिलेली असते. राउटर लिफाफ्यावरचा पत्ता बदलतो, आतील चिठ्ठी तशीच राहते. पलीकडचे यंत्र चिठ्ठीतील खासगी पत्त्यावर आवाज पाठविते आणि तो पोहोचत नाही. आपला आवाज जातो, समोरचा येत नाही. अशा वेळी गेटवेच्या 'नॅट' सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता भरावा, 'स्टन' सर्व्हरची मदत घ्यावी किंवा मधे सेशन बॉर्डर कंट्रोलर बसवावा.

उघड्यावर ठेवू नये

यावर सोपा उपाय म्हणून गेटवेला थेट सार्वजनिक पत्ता देण्याचा मोह होतो. तो महागात पडू शकतो. एसआयपीचे नेहमीचे ५०६० क्रमांकाचे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. पासवर्ड कच्चा असेल, तर परक्याच्या गेटवेवरून परदेशी कॉल केले जातात आणि बिल मालकाच्या नावे येते. त्यामुळे गेटवे फायरवॉलच्या आड ठेवावा, सेवा देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांनाच प्रवेश द्यावा, शाखा व्हीपीएनने जोडाव्यात आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. शक्य असल्यास आवाजासाठी स्वतंत्र व्हीलॅन ठेवावे.

पत्ता दिल्यानंतर बाहेरून आत आणि आतून बाहेर असे दोन्ही कॉल करून पाहावेत. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि हीच चाचणी परत घ्यावी. पत्ता, मॅक ॲड्रेस आणि पोर्टची जोडणी कागदावर लिहून यंत्राजवळ लावावी. गेटवे बंद पडला, तरी पोलीस वा रुग्णवाहिका बोलावता यावी, यासाठी एक साधा दूरध्वनी थेट टेलिफोन लाइनवर ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.