सोन्याच्या खाणी आणि चक्राकार स्थलांतर

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथे 1886 मध्ये सोने सापडल्यानंतर लेसोथो, मोझांबिक, मलावी या प्रदेशांतून आणलेल्या मजुरांना कुटुंबासह राहण्याची मुभा नव्हती. ठरावीक मुदतीचा करार, पुरुषांच्या कोंदट वसाहती, मुदत संपताच गावी परत आणि काही महिन्यांनी पुन्हा खाण, अशा या ये-जा करणाऱ्या जीवनक्रमाला अभ्यासक ‘चक्राकार स्थलांतर’ म्हणतात. सिडनी कार्क या डॉक्टरांनी 1949 मध्येच दाखवून दिले होते की उपदंशाचा, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एका जुन्या रोगाचा, फैलाव मजुरांच्या नीतीतून नव्हे, तर कुटुंबे तोडणाऱ्या याच व्यवस्थेतून होत होता. पुढे एचआयव्ही त्याच वाटांनी पसरला. तरीही 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यकर्त्यांनी वसाहतींची रचना बदलण्याऐवजी परदेशी मजुरांच्या रक्तचाचणीचा मार्ग धरला, आणि त्या वादात मलावीतील भरती थांबली. दोष व्यवस्थेचा आणि शिक्षा मजुराला, असाच हा प्रकार होता. सोन्याच्या खाणींच्या कार्लटनव्हिल परिसरात 1990 च्या दशकाअखेरीस कंडोमवाटप, लैंगिक आजारांवर उपचार आणि सहकाऱ्यांकडूनच माहिती देण्याची पद्धत सुरू झाली. परंतु दरड कोसळण्याचे भय रोज सोसणाऱ्या माणसाला अनेक वर्षांनी उद्भवणाऱ्या आजाराची धास्ती कितपत वाटणार? शिवाय क्वाझुलू-नाताळमधील अभ्यासात, जिथे जोडीदारांपैकी एकालाच लागण होती, तिथे सुमारे एक तृतीयांश जोडप्यांत बाधित व्यक्ती स्त्री होती, त्यामुळे केवळ परतणारा पुरुषच रोग घरी आणतो हा समज टिकला नाही.