सणाची आरास आणि सामाईक अंगण

घराच्या आत कोणी कशी आरास करावी, याविषयी शेजाऱ्याने बोलावयाचे कारण नाही. परंतु तीच आरास उंबऱ्याबाहेर आली, गॅलरीत टांगली गेली, जिन्याच्या कठड्यावर चढली किंवा मांडव होऊन रस्त्यावर उभी राहिली, की ती एकट्याची राहत नाही. ती किती दिवस असावी, तिने किती जागा अडवावी, तिचा खर्च कोणी द्यावा आणि ज्याला ती नको आहे त्याने काय करावे, असे प्रश्न मग निघतात. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हे प्रश्न दरसाल निघतात आणि पुष्कळदा कडवटपणाने मिटतात, किंवा मिटतच नाहीत. हा वाद फ्लॅटमधील राहणीने आणला, पूर्वी असे काही नव्हते, अशी एक समजूत आहे. आम्हास ती बरोबर वाटत नाही. आराशीला नियम नेहमीच होता. बदलत गेला तो नियम करणारा. आणि नियम कोणी केला यावरच तो पाळला जाईल की नाही हे बव्हंशी ठरत आले, असे मुंबईचा इतिहास पाहता आम्हास दिसते.

प्रथम रूढीकडे पाहू. गुढी सूर्योदयानंतर उभारावयाची आणि सूर्यास्तापूर्वी उतरवावयाची, हे कोणाही गृहिणीला सांगावे लागत नाही. गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, सात दिवसांचा किंवा अनंत चतुर्दशीपर्यंतचा. ज्याने त्याने आपली मुदत आधीच ठरविलेली असते. आकाशदिव्याला कार्तिक महिना नेमून दिलेला आहे. युरोपातील ख्रिस्ती घरांतही नाताळची सजावट ६ जानेवारीच्या आगेमागे उतरविण्याची जुनी चाल आहे. आज अमेरिकेतील घरमालकांच्या संघटना सजावट कोणत्या तारखेस लावावी व कोणत्या तारखेपर्यंत काढावी हे लेखी ठरवून देतात आणि न काढणाऱ्यास दंड करतात, हे ऐकून आपणास हसू येते. पण त्यांनी कागदावर लिहिले ते आपल्या पंचांगाने फार पूर्वीच सांगितले होते. आरास ही मुदतीची वस्तू आहे. मुदत संपली की ती अडगळ होते.

आता जागेचा प्रश्न. त्यासाठी शीव कोळीवाड्यापासून आरंभ करणे सोयीचे. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेटाची हद्द येथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी लागे. सतराव्या शतकात, जेरॉल्ड आँजियर गव्हर्नर असताना, इंग्रजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला तो याच कारणाने. कोळीवाड्यांची बांधणी पाहिली तर दिसते की घरे लहान आणि मोकळी जागा सर्वांची. तेथे जाळी वाळत, मासळी सुकत आणि शिमग्याची होळीही तेथेच उभी राही. होळी घरोघर नव्हे, गावाची एक. तिची जागा ठरलेली, तिचा मान ठरलेला, आणि वाद झालाच तर पाटील व पंच तो सोडवीत. नारळी पौर्णिमेला होडी सजे ती ज्याची त्याची. पण नारळ वाजतगाजत दर्याकडे नेण्याचा मार्ग सगळ्या गावाचा. हा नियम अलिखित होता, म्हणून तो नव्हता असे नाही. मात्र त्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. पंचांच्या बैठकीत बाहेरून आलेल्या भाडेकऱ्यास बहुधा स्थान नव्हते.

पुढे बाहेरून येणारेच अधिक झाले. गिरगावापासून परळपर्यंत चाळी उठल्या. १८९६ साली प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दादर, माटुंगा व शीव या भागांत आखीव रस्त्यांच्या वसाहती झाल्या. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळीत ८० खोल्या. येथे मालक सरकार होते, पण गॅलरीचा खरा कारभार भाडेकऱ्यांकडे होता. कंदील सर्वांचे एकसारखे असावेत, पताका कोठून कोठवर जावी, वर्गणी किती, रात्री जागे कोणी राहावे, हे चाळीचे मंडळ ठरवी.

गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा. मुंबईतील सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. त्या उत्सवाने मूर्ती लहानच ठेवण्याची चाल सोडलेली नाही. चाळीच्या अंगणाचे माप जाणणाऱ्यांनीच उत्सव चालविला, म्हणून ही मर्यादा टिकली, असे आम्हास वाटते. लालबागची हकीकत याहून निराळी आणि तितकीच बोधक आहे. पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ साली बंद झाला. उघड्यावर बसून मासळी व माल विकणाऱ्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस केला, बाजारासाठी जागा मिळाली आणि १९३४ साली तेथे गणपती बसला. ज्या उत्सवाची आज देशभर कीर्ती आहे, त्याचे मूळ सामाईक जागा मिळण्या न मिळण्याच्या प्रश्नात आहे, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

येथे कायद्याचे एक कलम सांगितले पाहिजे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा, म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पाच वर्षे आधीचा. त्याचे ३१२ वे कलम रस्त्यावर अडथळा होईल असे बांधकाम करण्यास मनाई करते. आणि लगेच ३१७ वे कलम सांगते की, सणासमारंभाच्या प्रसंगी पोलीस आयुक्तांच्या संमतीने पालिका आयुक्तांनी रस्त्यावर तात्पुरता मांडव घालण्याची लेखी परवानगी द्यावयास हरकत नाही. परकी राज्यातील कायदा करणाऱ्यांनाही या शहरात सणाला रस्ता लागतो हे ठाऊक होते. मात्र परवानगी लेखी हवी आणि मांडव तात्पुरता हवा. गुढीच्या रूढीत जी मुदत आहे तीच येथे कायद्याच्या भाषेत आली आहे.

तिसरा नियमकर्ता म्हणजे सहकारी संस्था. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचे नाव या चळवळीशी कायमचे जोडलेले आहे. येथे भाडेकरूच मालक झाला, म्हणजे नियम करणारा आणि पाळणारा प्रथमच कागदोपत्री एक झाला. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला आणि संस्थांसाठी आदर्श उपविधी आले. हे उपविधी नीट वाचावेत अशी आमची श्रोत्यांस विनंती आहे. त्यांत एकीकडे म्हटले आहे की सभासदाने जिन्याजवळची जागा किंवा इतर सामाईक जागा अडवू नये. अडविल्यास तितक्या काळासाठी मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम द्यावी लागेल. दुसरीकडे, संस्थेच्या उद्देशांतच सामाजिक, सांस्कृतिक व मनोरंजनाचे कार्यक्रम करणे हे लिहिलेले आहे. म्हणजे सण साजरा करणे हे संस्थेवर लादलेले ओझे नव्हे, तिचे ते एक कामच आहे. जो चिटणीस पहिले कलम दाखवून कंदील उतरवितो आणि जो सभासद दुसऱ्याच्या आधाराने जिना भरून टाकतो, त्या दोघांनीही अर्धाच कागद वाचलेला असतो.

जिन्याची गोष्ट रसिकतेची नाही, जिवाची आहे. आग लागली असता उंच इमारतीतून उतरण्यास जिना हीच वाट उरते. महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा २००६ साली झाला तो उगाच नव्हे. आवाजाचेही तसेच. २००० सालच्या नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रस्त्यांवरील मांडवांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ व २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले की रहदारी अडवून मांडव घालणे हा कोणाचा मूलभूत हक्क होत नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे, ज्याला पहाटे कामावर जावयाचे आहे, त्याला पूर्वी चाळीच्या मंडळापुढे बोलण्याचे धैर्य क्वचितच होई. त्याच्या वतीने न्यायालय बोलले. जुन्या चाळीची आठवण काढताना हे विसरून चालणार नाही. वर्गणी नेहमी खुशीची नव्हती. शेजारही नेहमी गोड नव्हता. वरळीच्या याच चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली. तिची कारणे राजकीय व जातीय होती, सजावटीची नव्हती. परंतु एका अंगणात राहिल्याने माणसे आपोआप एकमेकांची होतात, हा भ्रम तिने दूर करावयास हवा होता.

अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. २०२० साली साथीच्या काळात सरकारने सार्वजनिक मूर्तीस चार फूट आणि घरगुती मूर्तीस दोन फूट अशी मर्यादा घातली. लालबागच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्ती बसविलीच नाही, रक्तदानासारखे आरोग्याचे उपक्रम केले. नियम कडक होता, पण त्याचे कारण घरोघर दिसत होते. २०२५ साली पालिकेने मांडवासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्याचा दंड २,००० रुपयांवरून १५,००० केला. मंडळांनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत दंड पूर्ववत झाला. खड्डा वाईटच, त्यात माणसे पडतात. परंतु ज्यांनी नियम पाळावयाचा त्यांना आधी विचारले नाही, की चांगला नियमही असा मागे घ्यावा लागतो.

पुन्हा शीव कोळीवाड्याकडे येऊ. फाळणीनंतर पंजाब आणि सिंध येथून आलेल्या निर्वासितांसाठी येथे २५ इमारती बांधल्या गेल्या. हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्थानकाला गुरू तेगबहादूर नगर हे नाव मिळाले. जवळच दाक्षिणात्यांची मोठी वस्ती. शिमगा, लोहडी, पोंगल, गुरुपरब आणि गणपती हे सारे थोड्याशा टापूत साजरे होऊ लागले. त्या इमारती पुढे धोकादायक ठरल्या, आणि त्यांचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. वरळीच्या चाळींच्या जागी उठलेल्या मनोऱ्यांतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. ही माणसे लवकरच आपापल्या संस्थांच्या सभांत बसतील. गॅलरी गेलेली असेल, उद्वाहन आलेले असेल, आणि कंदील कोठे टांगावा हा प्रश्न पहिल्याच दिवाळीत पुढे येईल.

त्यांना आमचे सांगणे थोडे आहे. नियम सणाच्या आदल्या रात्री फळ्यावर लावू नये. तो वर्षारंभी सर्वसाधारण सभेत, सर्वांचे सण समोर ठेवून करावा. मुदत ठरवावी, जिना व बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, वर्गणी ऐच्छिक असावी. एका सणास जी सवलत तीच दुसऱ्यास द्यावी, मग तो सण साजरा करणारे घर इमारतीत एकच का असेना. आणि मूळ आराखडा ठरत असतानाच, चटईक्षेत्राचा हिशेब करताना, थोडे अंगण मागून घ्यावे. अंगण नसेल तर उत्तम उपविधीही फक्त मनाईची यादी होऊन बसतो. कोळीवाड्याने होळीची जागा आधी राखली आणि घरे मागून बांधली. नव्या वसाहतींनी निदान एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.