रक्तातल्या लोहाचं माहेर

हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, हे आपल्याला पाठ झालंय. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. म्हणजे एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. ते येतं पालेभाजीतून, कडधान्यातून. भाजीत येतं मातीतून. पण मातीत कुठून आलं? म्हणजे लोहाचं माहेर कोणतं? याचं उत्तर सापडायला माणसाला विसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. आणि ते शोधण्यात दोन बायांचा मोठा वाटा आहे. आज आपण त्यांची गोष्ट ऐकू.

त्याआधी एक छोटी गोष्ट. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाचा कण पडला, की ज्योत पिवळी होते. ती पिवळी खूण मिठातल्या सोडियमची. प्रत्येक मूलद्रव्याची प्रकाशात अशी स्वतःची खूण असते. म्हणून ताऱ्यापर्यंत न जाताही त्याचा प्रकाश तपासून त्यात काय काय आहे ते सांगता येतं. मात्र खूण ठळक दिसली म्हणजे तो पदार्थ जास्तच आहे, असं नसतं. ताऱ्याच्या उष्णतेनुसार खूण ठळक किंवा पुसट होते. हे गणित १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी मांडलं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा.

साहांचं हे गणित हाती घेतलं इंग्लंडच्या सेसिलिया पेन यांनी. केंब्रिजमध्ये त्यांनी शिक्षण पुरं केलं, पण पदवी मिळाली नाही. तिथे १९४८ पर्यंत बायकांना पदवीच देत नसत. म्हणून १९२३ मध्ये त्या अमेरिकेला हार्वर्डच्या वेधशाळेत गेल्या. तोवर सगळे धरून चालले होते, की सूर्य आणि पृथ्वी एकाच मालमसाल्याचे आहेत. १९२५ मध्ये पेन यांच्या प्रबंधात वेगळाच हिशोब निघाला. ताऱ्यांत जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियम, म्हणजे सगळ्यांत हलके दोन वायू. लोहासारखं बाकीचं सगळं चिमूटभर.

त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी कळवलं, की हे शक्य नाही. पेन पंचविशीच्या होत्या, पुढची नोकरी अशाच मोठ्यांच्या शब्दावर ठरणार होती. त्यांनी प्रबंधात लिहून टाकलं, की हायड्रोजनचा हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले. पेन यांचं काम त्यांनी लेखात नोंदवलं, पण शोधाचं श्रेय बरीच वर्षं लोक रसेल यांनाच देत राहिले. पेन यांना हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९५६ मध्ये.

तारे जर हलक्या वायूंचे, तर जड लोह, तांबं, सोनं आलं कुठून? काही जण म्हणत, विश्वाच्या सुरुवातीलाच सगळं एकदम तयार झालं. इंग्लंडचे फ्रेड हॉइल म्हणत, हे सगळं ताऱ्यांच्या पोटातच शिजतं. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमची खूण दिसली. हे मूलद्रव्य काही लाख वर्षांत आपोआप नाहीसं होत जातं आणि तारे त्याहून कितीतरी जुने. म्हणजे ते त्या ताऱ्यांतच नव्याने तयार होत होतं!

आता दुसरी बाई, मार्गारेट बर्बिज. १९४५ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर काम करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, तिथे बायकांना वेध घेता येत नाही. १९५५ मध्ये तीच शिष्यवृत्ती त्यांच्या नवऱ्याला, जेफ्री यांना मिळाली. ते तारे बघणारे शास्त्रज्ञ नव्हतेच, कागदावर गणित मांडणारे होते. मग कागदोपत्री मार्गारेट नवऱ्याच्या मदतनीस झाल्या आणि रात्र रात्र दुर्बिणीवर काम त्यांनी केलं. बाकीचे शास्त्रज्ञ राहत त्या इमारतीत त्यांना जागा नव्हती. नवरा-बायको वेगळ्या छोट्या घरात राहत, जेवण आपलं आपण बघत. त्याच काळात, १९५६ मध्ये, त्यांना मुलगी झाली.

१९५७ मध्ये बर्बिज पती-पत्नी, विल्यम फाउलर आणि हॉइल या चौघांचा शंभराहून जास्त पानांचा लेख छापून आला. त्यात ही सगळी पाककृती आहे. ताऱ्याच्या पोटात आधी हायड्रोजनचा हेलियम होतो. पुढे दहा कोटी अंशांच्या आसपास हेलियमचा कार्बन होतो. खूप मोठा तारा असेल तर पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन आणि शेवटी लोह. लोहापाशी गाडी अडते, कारण ते जोडून पुढे ऊर्जा मिळतच नाही. चूल विझते, ताऱ्याचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरच्या थरांचा स्फोट होतो. त्या उष्णतेत आणखी लोह तयार होऊन आकाशात उधळलं जातं. लहान, विझलेल्या ताऱ्यांचेही कधी कधी स्फोट होतात, त्यांतूनही पुष्कळ लोह येतं. त्या धुळीतून पुढे सूर्य झाला, पृथ्वी झाली, आपण झालो.

सोन्याची गोष्ट अलीकडची. स्फोटानंतर मागे उरलेले, शहराएवढे पण सूर्याहून जड असे दोन गोळे एकमेकांवर आदळल्याची खबर १७ ऑगस्ट २०१७ ला पृथ्वीवर पोहोचली. त्या धडकेत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात, याचा भक्कम पुरावा तेव्हा मिळाला. त्यानंतर तिथून आलेल्या रेडिओलहरी आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणींनीही टिपल्या.

१९८३ मध्ये या संशोधनासाठी फाउलर यांना नोबेल मिळालं, बाकी तिघांना नाही. मार्गारेट मात्र थांबल्या नाहीत. १९७१ मध्येच त्यांनी फक्त बायकांसाठी असलेलं एक मानाचं पारितोषिक नाकारलं होतं. बाई म्हणून अडवणं नको, तसं बाई म्हणून वेगळं काढणंही नको, असं त्यांचं म्हणणं. शंभर वर्षांचं आयुष्य जगून त्या २०२० मध्ये गेल्या.

मैत्रिणींनो, शास्त्र शिकायचं म्हणणारी एखादी मुलगी आपल्याही घरात असेल. रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, लांब जावं लागतं, म्हणून तिला नको म्हणण्याआधी एवढं आठवू या. आपल्या रक्तातल्या लोहाचं माहेर शोधायला कुणाची तरी लेक अशीच रात्रभर डोंगरावर जागली होती.