झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क कोणाचा? सायकल चालवत न्यायची की हातात धरून?

चौकातला सिग्नल लाल असला की अनेक सायकलस्वार झेब्रा क्रॉसिंगवरून पॅडल मारत पलीकडे जातात. सायकल म्हणजे काही गाडी नाही, असा त्यामागचा समज असतो. दुसरीकडे पायी चालणारे पट्ट्यांवर उभ्या असलेल्या गाड्यांमधून वाट काढत असतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांपैकी जवळपास एक जण पायी चालणारा होता. म्हणूनच या पट्ट्यांचे नियम नीट समजून घेऊया.

गाडी चालवणाऱ्यांवर कोणते बंधन आहे?

मोटार वाहन चालनासंबंधीची केंद्राची नियमावली २०१७ मध्ये लागू झाली. त्यातील मुख्य गोष्टी अशा:

• सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगजवळ आल्यावर वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्यांना व व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे.
• पुढे वाहतूक तुंबली असेल आणि गाडी पट्ट्यांवरच अडकणार असेल, तर पट्ट्यांवर गाडी घालू नये.
• झेब्रा क्रॉसिंगवर गाडी पार्क करू नये.
• मोटार वाहन फुटपाथवरून किंवा सायकल ट्रॅकवरून नेऊ नये.
• लाल सिग्नल असताना परवानगीचा फलक किंवा बाण नसेल, तर डावीकडेही वळू नये.

या नियमावलीचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. लाल सिग्नल तोडणे हा त्याहून गंभीर गुन्हा आहे. तो ‘धोकादायक वाहन चालवणे’ या सदरात येतो. त्यासाठी पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

सायकलस्वार पादचारी असतो का?

सीटवर बसलेला असेल, तर नाही. मोटार वाहन कायद्यानुसार साधी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही, त्यामुळे तिला लायसन्स किंवा नंबरप्लेट लागत नाही. पण म्हणून सायकल वाहनच नाही, असे होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये वाहनाच्या व्याख्येत सायकलचा समावेश आहे. झेब्रा क्रॉसिंगवर ज्यांना आधी जाऊ द्यायचे, त्यात पादचारी आणि व्हीलचेअर वापरणारे आहेत. सायकल चालवत येणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

सोपा हिशेब असा: सायकलवर बसलात की तुम्ही वाहतुकीचा भाग. इतर गाड्यांसारखे स्टॉप लाइनच्या मागे थांबा आणि हिरवा दिवा लागल्यावर निघा. उतरून सायकल हातात धरलीत की तुम्ही पायी चालणारे. मग पट्टे तुमचे.

ब्रिटनमध्येही झेब्रा क्रॉसिंगवर सायकल चालवू नये, उतरून न्यावी, असा नियम आहे. तिथे सायकल चालवत ओलांडता येईल अशी वेगळी क्रॉसिंग आखलेली असतात. जर्मनीत सायकल चालवत पट्ट्यांवर आलेल्याला पादचाऱ्याचा अग्रहक्क मिळत नाही.

उतरल्याने नेमका काय फरक पडतो?

फरक वेगाचा आहे. चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर जातो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल तेवढ्याच वेळात चार मीटरहून जास्त अंतर कापते. गाडीचालक पट्ट्यांजवळ येताना रस्त्याच्या कडेला नजर टाकतो, ती चालणाऱ्याच्या वेगाच्या अंदाजाने. तीन सेकंदांपूर्वी बारा मीटर लांब असलेली सायकल अचानक बॉनेटसमोर येईल, हे त्याच्या हिशेबात नसते. शिवाय पट्ट्यांवरून चालणाऱ्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांना त्याच सायकलची धडक बसू शकते.

पायी चालणाऱ्यांनी काय पाळावे?

• पादचारी सिग्नलमधला माणूस हिरवा असेल तेव्हाच निघा. हिरवा माणूस लुकलुकू लागला तर नव्याने पाऊल टाकू नका. मध्यावर असाल तर न थांबता पार व्हा.
• एक गाडी थांबली म्हणजे सगळ्या थांबल्या, असे समजू नका. थांबलेल्या बसच्या आडून शेजारच्या लेनमधली दुचाकी दिसत नाही. प्रत्येक लेनपाशी डोकावून पाहा.
• दुभाजक असेल तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडा.
• डावीकडे वळणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवा. तुमचा सिग्नल हिरवा असतानाही त्या येऊ शकतात.
• पट्ट्यांवर असताना फोन खिशात ठेवा.

सायकलस्वारांसाठी आणखी एक धोका

सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला चिकटून उभे राहू नका. ती जागा अनेकदा चालकाला आरशात दिसत नाही. गाडी डावीकडे वळली तर सायकल तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये सापडते. अशा गाडीच्या मागे थांबणे सुरक्षित.

नियम बदलणार आहेत का?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१ अ) आले. त्यानुसार पादचारी आणि इंजिन नसलेली वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे आपल्या राज्याच्या नव्या नियमांवर लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

थोडक्यात

गाडीत असाल तर पट्ट्यांआधी थांबा. पायी असाल तर पट्ट्यांवरूनच जा, पण प्रत्येक लेन पाहून. सायकलवर असाल तर दोनच पर्याय आहेत: वाहनांच्या सिग्नलने जा, नाहीतर उतरून चालत जा. उतरून रस्ता ओलांडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, एवढेच.