न सांगता ओळखलेला प्रकार

चिरनेरला राहून मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हांसारख्यांनी संगणकशास्त्रावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर (१९३४–२०१०) यांचे कार्य आम्हांला व्याकरणाच्याच वाटेने उमगले.

‘नवी तिरंबी आली’ हे वाक्य पाहा. ‘तिरंबी’ हा शब्द आम्हीच रचलेला. तरी ‘नवी’ आणि ‘आली’ यांवरून तो स्त्रीलिंगी आहे, हे आपण ओळखतो. पुढे ‘तिरंबी पडला’ असे आले, की कान अडखळतो. एडिंबरा विद्यापीठात घडलेल्या, गणितातील फलनांच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या ‘एमएल’ या संगणकभाषेला मिल्नर यांनी हेच सामर्थ्य दिले. अमुक नाव संख्येचे की शब्दाचे, हे लिहिणाऱ्याने सांगावे लागत नाही; वापरावरून यंत्रच तो प्रकार ताडते आणि विसंगती आढळल्यास आज्ञावली चालण्यापूर्वीच तिला अडवते. ही उपपत्ती त्यांनी १९७८ साली मांडली. तर्कशास्त्रज्ञ रॉजर हिंडली यांना तिचे मर्म १९६९ मध्येच गवसले होते. म्हणून आज दोघांची नावे जोडीने घेतली जातात.

एमएल जन्मली ती गणिती सिद्धता रचणाऱ्या प्रणालीसाठी. तेथे ‘प्रमेय’ हाही एक प्रकार होता, आणि अनुमानाच्या ठरलेल्या नियमांवाचून कोणालाही प्रमेय घडवता येत नसे. सत्याची राखण माणसाच्या सावधपणावर न सोडता भाषेच्या घडणीवर सोपवली गेली. मिल्नर यांना १९९१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, त्यामागे हे कार्यही होते.

व्याकरण म्हणजे निव्वळ जाच, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आता हीच कथा सांगतो.