पिलार : स्तंभाचे नाव धारण करणाऱ्या मुली

१/ एखाद्या मराठी घरात मुलीचे नाव 'स्तंभ' ठेवले, तर बारशाला आलेली मंडळी एकमेकांकडे पाहू लागतील. स्पेनमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुलींना नेमके हेच नाव दिले गेले : पिलार. शब्द पुल्लिंगी आणि तो धारण करणाऱ्या स्त्रिया! हे नाव कोठून आले, लोकप्रिय का झाले आणि आज विरळ का होत आहे, याविषयीचा हा धागा. वाटेत जालना जिल्हाही लागेल.

२/ स्पेनमधील एब्रो नदीच्या काठी सारागोसा हे रोमनकालीन नगर आहे. आख्यायिका अशी : इ. स. ४० मध्ये येशूचा शिष्य सांतियागो धर्मप्रसार करीत येथे आला. लोक ऐकेनात, तो खचला. तेव्हा जेरुसलेममध्ये हयात असलेल्या मरियेने त्याला एका पाषाणस्तंभावर उभी राहून दर्शन दिले. तो स्तंभ आजही तेथील भव्य बॅसिलिकेत पूजला जातो. १२ ऑक्टोबर हा तिच्या उत्सवाचा दिवस.

३/ म्हणून पूर्ण नाव 'मारिया देल पिलार', म्हणजे स्तंभावरची मारिया. रोजच्या बोलण्यात मारिया गळाली आणि स्तंभ उरला. स्पॅनिश कॅथलिक परंपरेत अशी नावे पुष्कळ आहेत : दोलोरेस म्हणजे दुःखे, सोलेदाद म्हणजे एकांत, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन. लेकीला दुःख लाभावे म्हणून कोणी तिला दोलोरेस म्हणत नाही. मरियेच्या त्या रूपाचे छत्र तिच्यावर राहावे, हा हेतू. येथे शब्दकोश अर्धाच अर्थ सांगतो. उरलेला अर्थ देवस्थान सांगते.

४/ ही रीत आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडेही देवी ठाण्याठाण्याला वेगळ्या नावाने ओळखली जाते : माहूरची रेणुका, तुळजापूरची तुळजाभवानी. जालना जिल्ह्यात अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात करवतीने कापल्यासारखा दिसणारा एक डोंगर आहे. त्याचे नाव मोन्सेरात, तेथील मरियेचे नाव तेच आणि तिच्या नावाच्या मुलीही मोन्सेरात. डोंगराच्या आकारावरून देवीला नाव द्यावे, हे दोन दूरच्या समाजांना स्वतंत्रपणे सुचले.

५/ आता लोकप्रियतेकडे वळू. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी सारागोसाला वेढा घातला. नगर दोन वेढ्यांत झुंजले आणि फेब्रुवारी १८०९ मध्ये पडले. या लढ्यात स्तंभावरची मारिया नगराच्या प्रतिकाराचे प्रतीक बनली. पुढे स्पेनमधून फ्रेंचांना हुसकावण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो सेनापती आर्थर वेलस्ली. होय, तोच! २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, असईच्या रणांगणावर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याला हरवणारा.

६/ ऑगस्ट १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या आरंभीच, सारागोसाच्या बॅसिलिकेवर विमानातून बॉम्ब टाकले गेले. ते फुटले नाहीत. श्रद्धाळूंनी तो चमत्कार मानला आणि बॉम्बची कवचे मंदिरातच मांडली. युद्धानंतर आलेल्या फ्रँकोच्या राजवटीत धर्म आणि राष्ट्र यांची घट्ट सांगड घातली गेली. त्या काळात जन्मलेल्या असंख्य स्पॅनिश स्त्रिया 'मारिया पिलार' आहेत.

७/ १९७५ मध्ये फ्रँको गेला, समाज बदलला, चर्चची पकड सैल झाली. आज स्पेनमध्ये लुसिया, सोफिया, मार्तिना या नावांची चलती आहे. पिलार आता प्रामुख्याने आजीचे नाव. जालन्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे नाव आठवा. गोदावरी, गोदाबाई ही नावे मराठवाड्यात आजी-पणजींच्या पिढीत सर्रास आढळत. आज बारशात ती किती वेळा कानी पडतात?

८/ पिलार आपल्या किनाऱ्यावरही पोहोचली. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या अमलाखाली होते. त्याच काळात, १६१३ मध्ये, फ्रान्सिस्कन संन्याशांनी गोव्यात गोवा वेल्हा येथील टेकडीवर मठ स्थापला आणि तो सारागोसाच्या मरियेला अर्पण केला. पोर्तुगीज गोव्यातल्या टेकडीला स्पॅनिश मरियेचे नाव मिळाले : पिलार.

९/ पण ती टेकडी अनामिक नव्हती. हा परिसर म्हणजे कदंबांची राजधानी गोपकपट्टण. टेकडीवर पूर्वी गोवेश्वराचे स्थान होते, असे मानले जाते. एका नावाखाली दुसरे नाव गाडले गेले. आज मात्र पिलारच्याच संग्रहालयात कदंबकालीन अवशेष जपलेले दिसतात.

१०/ १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्याने फ्रान्सिस्कनांना मठ सोडावा लागला. १८९० मध्ये तेथे गोमंतकीय मिशनऱ्यांची संस्था आली. तिचे सभासद फादर अ‍ॅग्नेल डिसोझा १९२७ मध्ये निवर्तले. त्यांची समाधी पिलारलाच आहे. वांद्रे आणि वाशी येथील 'फादर अ‍ॅग्नेल' शिक्षणसंस्था त्यांच्याच नावाने चालतात.

११/ म्हणजे नावाची लोकप्रियता केवळ जन्मनोंदीवरून मोजता येत नाही. पाळण्यातून हद्दपार झालेले नाव टेकडीवर, मठावर, शाळेच्या पाटीवर टिकून राहते. मत्स्योदरी हे नाव मुलींमध्ये विरळच. पण जालन्यात मत्स्योदरी शिक्षण संस्था आहे आणि हजारो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर अंबडची ती टेकडी उमटली आहे.

१२/ तरीही पाटीवरचे नाव आणि माणसाचे नाव यांत फरक उरतोच. पाटीला कोणी हाक मारीत नाही. पिलार नावाच्या मुलीला आयुष्यात कधी ना कधी कोणी विचारतेच, 'हे नाव कसे?', आणि ती सारागोसाची कथा सांगते. गोदाबाईही नदीची कथा सांगू शकत असे. तेव्हा घरातल्या पणजीचे, खापरपणजीचे नाव विचारून ठेवा. ते कोणत्या नदीचे, डोंगराचे, ठाण्याचे आहे, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच.