टेडी वेदरफोर्ड
वेदरफोर्ड, टेडी : (११ ऑक्टोबर १९०३ – २५ एप्रिल १९४५). आफ्रिकी-अमेरिकी जॅझ पियानोवादक व बँडप्रमुख. जन्म व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटसचा. किशोरवयात न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांचा पियानोवर हात बसला. पुढे शिकागोत अर्स्किन टेट यांच्या व्हेंडोम थिएटरमधील वाद्यवृंदात ते वाजवू लागले. १९२६ मध्ये या वृंदाच्या वादनाच्या, तबकडीच्या दोन बाजू ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादनासमोर वेदरफोर्ड यांचा पियानो जराही दबत नाही.

वेदरफोर्ड यांचे वादन स्ट्राइड शैलीचे. या शैलीत डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर खर्जाचा स्वर धरतो, दुसऱ्या व चौथ्या मात्रेला झेप घेऊन मधल्या सप्तकात स्वरमेळ वाजवतो. उजवा हात त्यावर मोकळा खेळतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर यांनी ही शैली गाजवली. शिकागोत नव्याने आलेल्या अर्ल हाइन्स यांच्यावर मात्र वेदरफोर्ड यांच्या वादनाचा ठसा उमटला.

१९२६ मध्येच जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर ते आशियात गेले. जॅझच्या इतिहासग्रंथांत त्यांना जेमतेम ओळभर जागा मिळते, ती या प्रस्थानामुळे. आर्मस्ट्राँग यांच्या १९२८ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत पियानोवर हाइन्स आहेत. वेदरफोर्ड तेव्हा शांघायसारख्या शहरांतील नाचघरांत वाजवत होते. कवी लँग्स्टन ह्यूज यांची त्यांच्याशी शांघायमध्येच गाठ पडली. १९३४ मध्ये अमेरिकेत जाऊन ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांचा बँड त्यांनी शांघायच्या कॅनिड्रोम या नाचघरासाठी आणला.

पुढे ते मुंबईस आले. ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ यांच्या बँडमध्ये पियानो वाजवता वाजवता त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांना अशा बँडांतून मूळ जॅझची लय प्रत्यक्ष शेजारी बसून ऐकता आली. मुंबईच्या जॅझची घडण समजून घ्यायची तर हा शेजार वगळता येत नाही.

१९३७ मध्ये पॅरिसला त्यांनी ‘स्विंग’ या कंपनीसाठी एकल वादन मुद्रित केले. त्यांचा डावा हात सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो याच मोजक्या तबकड्यांत. दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात त्यांचा बँड वाजे व अमेरिकी सैनिकांसाठी नभोवाणीवरून कार्यक्रमही करी. व्यापारी जहाजावर काम करणारे जिमी विदरस्पून तेथे या बँडबरोबर गायले. ते पुढे नामांकित ब्लूज गायक झाले. कलकत्त्यातच, वयाच्या ४१ व्या वर्षी, वेदरफोर्ड यांचे पटकीने निधन झाले.